शंभरात नऊ

बाईंना एखाद्या सभेत बसवलं की त्या भाषण ऐकत नसत, माणसं मोजत. मान न हलवता पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत नजर फिरवायची, उजव्या हाताचा अंगठा मांडीवर हलकेच दाबत राहायचं आणि पाचसात मिनिटांनी शेजारच्याच्या कानाशी एक आकडा सांगायचा. "शंभरात अठरा." म्हणजे शंभरातली अठरा माणसं जिवंत. उरलेली खुर्चीत होती, श्वास घेत होती, वेळेवर टाळ्याही वाजवत होती. पण बाईंच्या लेखी ती निळी. मोजण्याचा नियमही ठरलेला होता. दाराकडच्या कडेला बसलेली माणसं धरायची, भिंतीला टेकलेली सोडायची. मी प्रत्येक कार्यक्रमात माइकवाल्याशेजारी भिंतीला टेकून उभा असे. त्यामुळे सहा वर्षांत बाईंनी मला एकदाही मोजलं नाही.

हा निळा हिशेब त्यांच्या कामातून आला होता. आमच्या संस्थेत त्या वरिष्ठ तंत्रज्ञ होत्या. कॅन्सरच्या रुग्णाची गाठ ऑपरेशन करून काढली की तिचा एक छोटा तुकडा आमच्याकडे येई. गाठीत नुसत्या रोगाच्या पेशी नसतात. रोगाशी झगडायला शरीराने पाठवलेल्या पेशीही तिथे शिरलेल्या असतात, आणि बऱ्याचदा काहीच न करता बसून राहिलेल्या असतात. त्या का बसल्या हे पाहायचं तर त्या जिवंत बाहेर काढाव्या लागतात. काढून झाल्या की त्यांत निळ्या रंगाचा थेंब टाकायचा आणि चौकोन आखलेल्या काचेवर, सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोजायच्या. जिवंत पेशी रंगाला आत येऊ देत नाही, चकाकत राहते. मेलेली निळी होते. चौकोनाच्या एका कडेच्या रेघेवर बसलेली पेशी धरतात, समोरच्या कडेची सोडतात, म्हणजे तीच पेशी दोनदा मोजली जात नाही. बाईंनी हा नियम जसाच्या तसा मनुष्यजातीला लावला होता.

कर्जत-खालापूर पट्ट्यात भातानंतर सर्वांत मोठं पीक रिसॉर्टचं येतं आणि त्यावर कीडही लवकर पडते. अशाच एका बंद पडलेल्या रिसॉर्टात आमची संशोधन संस्था थाटलेली होती. जिथे बार होता तिथे नळ्या गरगर फिरवणारं यंत्र, जिथे रेन डान्स चाले तिथे जनरेटर, आणि कोरड्या स्विमिंग पूलमध्ये मोडक्या खुर्च्या. लॉन आणि स्टेज मात्र डायरेक्टरसाहेबांनी होतं तसंच राखलं होतं. संस्थेतलं सर्वांत जास्त वापरात असलेलं उपकरण तेच. आमच्याकडे नवा फ्रीज आला तरी उद्घाटन होई. एकदा पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरला फीत बांधली होती, आणि पाहुणे येऊन ती कापेपर्यंत अख्खी संस्था तहानलेली होती. मी तिथला प्रसिद्धी अधिकारी. मराठी घेऊन एम. ए. झालेला, बरीच पुस्तकं वाचलेला माणूस शेवटी कुठे पोचतो, याचं उदाहरण म्हणून माझ्याकडे पाहावं. निमंत्रणपत्रिका, फलक, साहेबांची भाषणं, सगळं मी लिहायचो. बाई मला 'भाषणवाल्या' म्हणत, आणि हा शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा शिळी भाजी हुंगल्यासारखा होई.

त्या पोशीर गावच्या. घरची भातशेती, बी. एस्सी.पर्यंत शिक्षण, आणि मग वीसेक वर्षं खालापूरकडच्या एका कारखान्यात नोकरी. तिथे कोंबड्यांसाठी लस बनत असे. अंड्यातल्या अर्धवट वाढलेल्या पिल्लाच्या पेशी सुट्या करायच्या आणि त्या जगवायच्या, हे तिथलं बाईंचं रोजचं काम. आमच्या संस्थेतल्या पीएच. डी. मंडळींना याचं हसू येई. आपसात ते त्यांना 'कोंबडीवाल्या बाई' म्हणत. हे बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "कोंबडीची पेशी मेली तर मालक दुसऱ्या दिवशी घरी बसवतो. मानसाची मेली तर तुमी पेपर लिवता." त्यानंतर ते नाव बंद झालं नाही, पण हळू आवाजात घेतलं जाऊ लागलं.

त्यांचं काम पाहणं हा मात्र एक अनुभव होता, आणि मी अनुभव हा शब्द सहसा फुकट वापरत नाही, त्याचा मला पगार मिळतो. तुकडा काचेच्या ताटलीत घेऊन त्या तो पात्यांनी बारीक करत, इतका की शेवटी बाजरीच्या दाण्याएवढे कण राहत. मग त्यावर एन्झाइम घालून, अंगाएवढ्या उबेत, अर्धा-पाऊण तास हलवत ठेवायचं. त्या वेळात बाकीचे तंत्रज्ञ चहाला जात. बाई यंत्राशेजारी उभ्या राहत. "कमी ठेवलं तर गाठ सुटत नाय. जास्ती ठेवलं तर पेशीचं अंग पन सुटतं," एवढंच त्यांचं शास्त्र. मग बारीक जाळीतून गाळणं, नळीतल्या जड द्रावावर ते पाणी अलगद सोडणं, फिरवणं. नळी थांबली की मधोमध एक पांढुरकं, नखाएवढ्या जाडीचं कडं दिसे. ते उचलताना बाई श्वास घेत नसत. मीही घेत नसे, वास्तविक मी दाराबाहेर असे.

त्यांना उपमांची चीड होती. एका पत्रकाराला प्रयोगशाळा दाखवताना साहेब म्हणाले, "आमच्या बाई शेतकऱ्याच्या कन्या. धान्य पाखडावं तशा त्या पेशी पाखडतात." बाई मान वर न करता म्हणाल्या, "पाखडल्या तर मरतील, सायेब." पत्रकाराने विचारलं, मग हे कशासारखं आहे? "कशासारखंच नाय. हे ह्याच्यासारखं हाय." छापून आलं ते अर्थातच पाखडणंच. ते मी लिहून दिलं होतं.

तेव्हा पहिली ठिणगी कुठे पडली ते सांगतो. तोवर तुकडे मुंबईहून यायचे, कैक तासांचा प्रवास करून. मग खालापूर तालुक्यातल्याच एका हॉस्पिटलशी करार झाला. तिथून आमच्याकडे तुकड्याचा डबा पाऊण तासात पोचणार होता. बाईंना झालेला आनंद मी प्रथमच पाहिला. त्यांनी माझ्या 'नमस्कार'ला उत्तर दिलं. रुग्णांची संमती घ्यायची म्हणून माहितीपत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं की गाठ हा शत्रूचा किल्ला आहे आणि आपल्या शरीराचे शूर मावळे त्याच्या तटबंदीत अडकून पडले आहेत. साहेबांना ते फार आवडलं. रायगड जिल्ह्यात असूनही हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, असं ते म्हणाले. बाईंनी ते वाचलं, घडी घातली आणि माझ्याच डळमळणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

पहिली रुग्ण होती पळसदरीच्या वरच्या वाडीतली एक बाई. तिचं नाव लिहीत नाही. ते गुप्त ठेवू असं आम्ही तिला कागदावर लिहून दिलं होतं आणि त्या कागदातलं तेवढं एक वचन तरी पाळावं म्हणतो. कर्जतच्या बाजारात ती पावसाळ्यात रानभाज्या आणि उन्हाळ्यात करवंदं घेऊन बसे, म्हणून तिला करवंदवाली म्हणू. आमच्या बाई वर्षानुवर्षं तिच्याशी भांडून तिच्याकडूनच करवंदं घेत. तिच्या छातीत गाठ निघाली. कागदोपत्री ती 'नमुना क्रमांक एक' झाली, तेव्हा बाई साहेबांना म्हणाल्या, "नमुना डब्यात येनार हाय. बाई खाटेवर हाय. दोगींना येकच नाव नको." साहेबांनी मान डोलावली आणि नाव तेच राहिलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संमती घ्यायला बाई स्वतः गेल्या. मी फोटोसाठी बरोबर होतो. माझं पत्रक त्यांनी टेबलाखालून काढलंच नव्हतं. खाटेच्या कडेला बसून त्या म्हणाल्या, "बग गं, गाठ तर डाक्टर काढनारच. त्यातला येक तुकडा आमाला दे. त्यात तुज्या अंगातल्या झगडनाऱ्या पेशी हायत. त्या आत जाऊन गप का बसल्या ते बगायचंय."

"त्यानं मी बरी व्हनार?"

"नाय. तुला काय उपेग नाय. पुढं कुनाला झाला तर झाला."

"पैसं?"

"ते पन नाय."

करवंदवाली हसली. "मंग चांगला धंदा हाय तुमचा." थोडा वेळ ती आपल्या बोटांवरचे करवंदाच्या चिकाचे काळे डाग बघत राहिली. मग म्हणाली, "आन त्या पेशी मेल्या तर?"

"मंग कायबी कळत नाय. तुकडा फुकट."

"मंग मारू नका."

"नाय मारनार," बाई म्हणाल्या.

एवढं ऐकून करवंदवालीने अंगठा दिला. मी फोटो काढला. त्यात बाईंचा चेहरा आला नाही, त्यांनी पाठ केली होती.

इकडे साहेबांच्या डोक्यात कार्यक्रम तयार झाला होता. तालुक्यातला पहिला नमुना नुसता दाराने आत येणार, हे त्यांना पटेना. लॉनवर मांडव घातला. स्टेजसमोर चौरंग, त्यावर सॅटिनची पिवळी चादर, खाली संस्थेच्या बोधचिन्हाची रांगोळी. डबा आला की सुवासिनींनी त्याला ओवाळायचं, प्रमुख पाहुण्यांनी हार घालायचा, नारळ वाढवायचा आणि मग स्वतःच्या हाताने डबा बाईंकडे सुपूर्द करायचा. पत्रिकेवर 'जिवंत पेशींचे शुभागमन' हे शब्द होते. ते माझे.

चैत्र संपत आला होता आणि सकाळी दहालाच ऊन पत्र्यावर वाजत होतं. डबा साडेअकराला आला. पाहुणे आले नव्हते. ते खोपोलीच्या अलीकडे दुसऱ्या एका उद्घाटनात अडकले होते. एका फितीतून सुटल्याशिवाय दुसऱ्या फितीपाशी कसे येणार? डबा चौरंगावर ठेवला गेला. त्याला हळदकुंकू लावलं. बाई प्रयोगशाळेतून बाहेर आल्या.

"सायेब, डबा द्या."

"पाच मिनिटं, बाई. निघालेत ते."

बाई आत गेल्या. डब्यात बर्फाची पिशवी होती आणि डब्याला बाहेरून घाम फुटला होता. ते पाणी ओघळून सॅटिनवर पसरू लागलं. पिवळ्या चादरीवर भला मोठा काळपट डाग, नेमका फोटोच्या मध्यभागी. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दुसऱ्याने काहीतरी करावं असा आदेश असतो. मी डबा उघडला, बर्फाची पिशवी बाहेर काढली, डबा पुसून कोरडा केला, चादरीची घडी फिरवली, हार डागावर सरकवला. पिशवी कुठे ठेवायची म्हणून शेजारच्या टबात ठेवली, जिथे पाहुण्यांसाठी शहाळी ठेवली होती. दोन मिनिटांचं काम. मला वाटलं, पाहुणे आता येतीलच.

साडेबाराला बाई पुन्हा आल्या. या वेळी सरळ चौरंगाकडे गेल्या आणि डबा उचलला. साहेब हसत हसत पुढे झाले आणि सगळ्यांदेखत त्यांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "बाई, पाहुण्यांचा अपमान होईल. विज्ञान कुठे पळून जात नाही." बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"भाषणवाल्या, बर्फ हाय ना आत?"

"हो," मी म्हणालो.

मी खोटं का बोललो याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. साहेबांची भीती हे कारण सोयीचं आहे, पण खरं नाही. मला फक्त तो क्षण संपायला हवा होता. समारंभात माणूस असाच बोलतो. पुढचा कार्यक्रम सुरू व्हावा एवढ्याचसाठी.

"बर्फ हाय तर अजून तास-दीड तास निघल," बाई स्वतःशीच म्हणाल्या आणि आत गेल्या.

पाहुणे सव्वादोनला आले. ओवाळणं झालं. नारळ पहिल्या फटक्यात फुटला म्हणून टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी पेशी हा राष्ट्राचा पाया असल्याचं सांगितलं, मग शहाळं प्यायले आणि म्हणाले, "वा, थंडगार आहे हो!" मी भिंतीला टेकून ते ऐकलं. डबा बाईंच्या हातात पडला तेव्हा तीन वाजत होते.

त्या दिवशी बाईंनी एकही पायरी गाळली नाही. पात्यांचं काम तेवढंच बारीक, एन्झाइमपाशी तेवढंच उभं राहणं, कडं उचलताना तसाच रोखलेला श्वास. मग निळा थेंब. पहिल्यांदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं, काच धुऊन तिसऱ्यांदा मोजलं. मग त्यांनी मला हाक मारली. सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बग."

मी पाहिलं. चौकोनांच्या जाळीत निळे निळे ठिपके, एखाद्या साडीच्या काठावर असावेत तसे. "सुंदर आहे," मी म्हणालो.

"त्या मेलेल्या हायत."

मी डोळा काढला नाही, कारण काढला असता तर त्यांच्याकडे पाहावं लागलं असतं.

"शंभरात नऊ," बाई म्हणाल्या. "आन डबा आतनं कोरडा होता. बर्फ इतळला असता तर वला असता. शहाळी थंड होती म्हनं?"

त्यांनी काच उचलली आणि धुवायला घेतली.

संध्याकाळी साहेब नोंदपत्रक घेऊन आले. जिवंत पेशींच्या रकान्यात नव्वद लिहावं, अशी त्यांची सूचना होती. मधाळ आवाजात ते म्हणाले, "अहो, पुढच्या वेळी नव्वद येणारच आहेत."

"मंग पुढच्या वेळी लिवते," बाई म्हणाल्या.

"तुमच्या कराराचं नूतनीकरण माझ्याकडे येतं, बाई."

"येऊ दे की."

त्यांनी नऊ लिहिलं. खाली 'पेशी मृत होण्याचे संभाव्य कारण' असा रकाना होता. त्यात त्यांनी एकच शब्द लिहिला, 'सत्कार', आणि सही केली. इतक्या कमी शब्दांत इतकं नेमकं गद्य माझ्या हातून कधी उतरलं नाही. साहेबांनी तो कागद फायलीत खोल घातला आणि मला बातमी लिहायला सांगितली. मी लिहिली. 'प्राथमिक निष्कर्ष उत्साहवर्धक' हे शब्द त्या दिवशी माझ्या बोटांतून आपोआप बाहेर पडले, इतके ते मुरले होते.

बाईंनी त्या नऊ टाकल्या नाहीत. मेलेल्या बाजूला करून, उरलेल्या एका बोटभर कुपीत घेऊन त्यांनी द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवल्या. तिथे त्या वर्षानुवर्षं राहू शकतात. "नऊ पन कुनाच्या तरी हायत," एवढंच म्हणाल्या.

दोन दिवसांनी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "चल. तिला सांगायचंय."

"मी?"

"मंग काय मी? बर्फ मी काडला?"

हॉस्पिटलात करवंदवाली उशीला टेकून बसली होती. मी घसा साफ केला. "मावशी, संशोधनाच्या वाटचालीत काही वेळा अनपेक्षित परिस्थितीमुळे..."

"मराठीत सांग," बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "तुमचा तुकडा माझ्यामुळे वाया गेला. डब्यातला बर्फ मी काढून ठेवला होता."

"का?"

"खालची चादर भिजत होती."

तिने विचारलं, अगदी खरं जाणून घ्यायचं असल्यासारखं, "येवढ्या उनात सुकली नसती?"



"शंभरात नऊ वाचल्यात गं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी इतका खाली गेलेला कधी ऐकला नव्हता. "मी मारनार नाय म्हनले व्हते. मेल्या."

"तू कुटं मारल्यास," करवंदवाली म्हणाली. "आता दुसरी गाठ नाय माज्याकडं, नायतर दिली असती. ते नऊ तरी संभाळ." मग माझ्याकडे वळून, "आन ह्याला टाकीपासून लांब ठेव."

परत आल्यावर मी साहेबांकडे गेलो आणि बर्फाचं सगळं सांगितलं. शिक्षा होईल अशी माझी अपेक्षा होती, किंबहुना इच्छा. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंत. फोटोत ओला कपडा फार वाईट दिसला असता."

बाईंचा करार पावसाळ्याच्या तोंडाशी संपला आणि पुढे वाढवला गेला नाही. निरोपसमारंभ ठरला होता. साहेबांनी शाल आणि श्रीफळ आणवलंही होतं. बाईंनी त्या दिवशी रजा टाकली. आदल्या संध्याकाळी त्यांनी नव्या तंत्रज्ञ मुलीला टाकीची किल्ली आणि कुपीची जागा दाखवली, यंत्राशेजारी उभं कसं राहायचं ते तिसऱ्यांदा सांगितलं आणि माझ्या टेबलापाशी आल्या. "जाते रं." "कुठे?" "कोंबड्यांकडं. तिथं बरं हाय. अंड्याला कोन हार घालत नाय." टेबलाच्या पायाखालची माझ्या पत्रकाची घडी त्यांनी वाकून नीट सारली, टेबल हलतं का ते पाहिलं आणि गेल्या.

त्यांच्या मागे दोन गोष्टी राहिल्या. जुनी नोंदपत्रकं संगणकावर चढवताना टंकलेखकाने इमानेइतबारे प्रत्येक कारण यादीत घातलं. त्यामुळे आज आमच्या संगणकात पेशी मरण्याच्या कारणांत उशीर, उष्णता, जंतुसंसर्ग आणि सत्कार असे चार पर्याय आहेत. तज्ज्ञांच्या समितीने चौथ्याचा अर्थ विचारला तेव्हा साहेब म्हणाले, ती स्थानिक तांत्रिक संज्ञा आहे. समितीने लिहून घेतली. दुसरी गोष्ट ती कुपी. करवंदवाली बरी होऊन बाजारात बसू लागली आहे. मला लांबून पाहिलं की ओरडते, "ओ बर्फवाले! माजे नऊ हायत का?" बाजारातली सगळी माणसं वळून बघतात. मी "आहेत" म्हणतो आणि ती सांगेल त्या भावाने करवंदं घेतो.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा कार्यक्रम झाला. कोणीतरी साहेबांना सांगितलं होतं की नायट्रोजनच्या टाकीतून कुपी काढली की पांढरा धूर निघतो आणि तो फोटोत फार छान दिसतो. स्थानिक पहिल्या नमुन्याची कुपी पाहुण्यांच्या हातात द्यायची, त्यांनी ती उंच धरायची, असा बेत ठरला. बाहेर काढून माणसाच्या हातात पाच मिनिटं धरली तर त्या वाचलेल्या पेशींचं काय होईल, हे बाईंच्या हाताखाली शिकलेल्या त्या मुलीने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "पाचच मिनिटं."

मी त्या दिवशी माइकवाल्याजवळ गेलो नाही. मुलीला म्हटलं, किल्ली दे आणि एक रिकामी कुपी आणून दे. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही दिल्या. रिकामी कुपी आम्ही टाकीत सोडली, थंड होऊ दिली. पाहुणे आले, मी स्वतः ती चिमट्याने काढून त्यांच्या हातमोज्यात ठेवली. धुराचे लोट उठले. पाहुण्यांनी ती उंच धरली, टाळ्या झाल्या, आणि पाहुण्यांनी भरल्या गळ्याने सांगितलं की आपल्याला आज जीवनाचा स्पर्श झाला. साहेबांचे डोळे ओले होते.

संध्याकाळी मी बाईंना फोन केला. त्यांनी तो कधी नव्हे ते पहिल्या घंटेला उचलला. मी सगळं सांगितलं. मागे कारखान्याच्या यंत्राचा आवाज येत होता.

"धूर आला का?" त्यांनी विचारलं.

"आला."

"मंग त्यांचं काम झालं. मानसं किती व्हती?"

"शंभर असतील."

"जिती किती?"

"दोन," मी म्हणालो. "ती मुलगी, आणि..."

"तू भिंतीला व्हतास काय?"

"नाही. टाकीपाशी."

"मंग धर सोताला," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.